संकरित मोटारीच्या तीन पिढ्या आणि कारखान्यातील उत्पादन-कपात : बिडदीच्या कॅम्रीचे उदाहरण

प्रास्ताविक

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात, किनाऱ्यापासून बरेच आत, किर्लोस नावाचे गाव आहे. आज ते प्रामुख्याने तेथील कृषी विज्ञान केंद्रामुळे शेतकऱ्यांना परिचित आहे. किर्लोस्कर हे आडनाव याच गावावरून आले. घराण्याची एक शाखा घाट चढून बेळगावकडे गेली आणि गुर्लहोसूर येथे स्थिरावली. मराठी संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली आणि लोखंडी नांगराचे निर्माते लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली तेथेच जन्मले. लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांच्या भागीदारीतून १९९७ साली टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली. तिच्यात जपानी कंपनीचा वाटा ८९ टक्के आणि किर्लोस्करांचा ११ टक्के आहे. बेंगळुरूजवळील बिडदी येथे १९९९ च्या अखेरीस तिचे उत्पादन सुरू झाले आणि २००० च्या प्रारंभी 'क्वालिस' ही तिची पहिली गाडी बाजारात आली. याच कारखान्यात ऑगस्ट २०१३ पासून कॅम्री हायब्रिड ही आलिशान संकरित मोटार जोडली जाऊ लागली.

मोटारीच्या व्यवहारात 'पिढी' हा शब्द विशिष्ट अर्थाने वापरला जातो. इंजिन, सांगाडा आणि पारेषण यांची मुळापासून फेररचना झाली की नवी पिढी अवतरली असे मानतात. दिवे आणि जाळी बदलल्याने पिढी बदलत नाही. उत्पादन-कपात ही त्याहून अगदी वेगळी घटना आहे. कारखाना ठरल्यापेक्षा कमी गाड्या काढतो, पाळ्या बंद ठेवतो, कंत्राटी कामगारांना घरी पाठवतो. या दोन गोष्टी वृत्तपत्रांत एकाच पानावर येतात आणि वाचकाच्या मनात त्यांचा कार्यकारणसंबंध आपोआप जुळतो : गाडी चालली नाही म्हणून कारखाना मंदावला, अर्थात गाडीत काही उणे असले पाहिजे. कॅम्री हायब्रिडच्या बाबतीत हा संबंध कितपत खरा आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. महाराष्ट्रात अशाच मोटारींचा मोठा कारखाना उभारण्याचा करार झालेला असल्याने हा प्रश्न केवळ कर्नाटकापुरता राहिलेला नाही.

संकरित मोटारीची कार्यपद्धती

संकरित मोटारीत पेट्रोल इंजिन आणि विद्युत् मोटर अशी दोन शक्तिस्थाने असतात. कॅम्रीत ती ग्रहमालिकेसारख्या दंतचक्रांच्या संचाने जोडलेली असतात. मध्यभागी एक 'सूर्य' चक्र, त्याभोवती फिरणारी 'ग्रह' चक्रे आणि बाहेरून त्यांना वेढणारे वलयचक्र, अशी ही रचना असते. इंजिन ग्रहांना फिरवते. त्याच्या शक्तीचा एक भाग वलयामार्गे चाकांकडे जातो, तर दुसरा भाग सूर्यचक्राला जोडलेल्या जनित्राकडे जातो. जनित्राची वीज एकतर बॅटरीत साठते किंवा थेट चाके फिरवणाऱ्या मोटरला मिळते. जनित्राचा वेग कमीजास्त करून इंजिनाचा वेग हवा तेथे राखता येतो. नेहमीच्या अर्थाचे गिअर येथे नसतातच.

या रचनेचा खरा लाभ कोठे आहे, हे समजण्यासाठी पेट्रोल इंजिनाचा एक स्वभावदोष लक्षात घ्यावा लागतो. इंजिन एका ठरावीक वेगाच्या व भाराच्या पट्ट्यातच काटकसरीने चालते. शहरातील रहदारीत ते बहुतांश वेळ त्या पट्ट्याबाहेर असते आणि सिग्नलवर उभे असताना तर इंधन निव्वळ वाया जाते. संकरित गाडी अशा वेळी इंजिन बंद ठेवते, मंद गती मोटरवर भागवते आणि इंजिनाला बोलावते ते त्याच्या सोयीच्या पट्ट्यात. शिवाय ॲटकिन्सन चक्रावर चालणारे इंजिन वापरणे तिला परवडते. या चक्रात झडपा उशिरा मिटत असल्याने ज्वलनाची उष्णता अधिक कामी येते, मात्र कमी वेगात जोर कमी पडतो. ती उणीव मोटर भरून काढते.

दुसरा लाभ ब्रेकचा. साध्या गाडीत ब्रेक दाबल्यावर गतीची ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. येथे मोटरच जनित्र बनते आणि त्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत येतो. याच्या मर्यादा समजण्यासाठी कोकणातील घाटाचे उदाहरण सोयीचे आहे. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना सुमारे ६०० मीटर उंची कमी होते असे धरू. प्रवाशांसह १,९०० किलो वजनाची गाडी एवढी खाली आली की सुमारे १.१ कोटी ज्यूल, म्हणजे वीज मंडळाच्या भाषेत सुमारे ३ युनिट, ऊर्जा मोकळी होते. टायरचे घर्षण आणि वाऱ्याचा विरोध यांत तिच्यातील तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग खर्ची पडतो. उरलेल्यातही रूपांतराची गळती असते. तरी सुमारे सव्वा युनिट वीज मिळावयास हरकत नसते. पण २०१३ च्या कॅम्रीतील निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीची एकूण धारणाच सुमारे १.६ युनिट होती आणि आयुष्य टिकावे म्हणून तिचा केवळ मधला भाग वापरात येतो. त्यामुळे अर्धा घाट उतरेपर्यंत बॅटरी भरते आणि पुढचा उतार इंजिनाच्या अवरोधावर व साध्या ब्रेकवरच उतरावा लागतो. संकरित मोटार ही शहराची गाडी आहे, घाटाची नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. घाटाखाली राहणाऱ्याने तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

तीन पिढ्यांची तुलना

भारतात प्रथम आलेली कॅम्री हायब्रिड ही जागतिक क्रमाने सातव्या पिढीची होती. सहाव्या पिढीपासून, म्हणजे २००६ पासून, हायब्रिड कॅम्री परदेशांत मिळत होती. भारतात मात्र त्या काळात केवळ पेट्रोलवरची आयात कॅम्री विकली गेली. सातव्या पिढीत २,४९४ घन सेंटिमीटरचे इंजिन १६० अश्वशक्ती देत असे आणि मोटरची क्षमता १४३ अश्वशक्ती होती. दोन्ही मिळून उपलब्ध शक्ती सुमारे २०५. (दोन्ही शक्ती एकाच वेळी कमाल मर्यादेला पोहोचत नसल्याने येथे सरळ बेरीज चालत नाही.) जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या आठव्या पिढीत २,४८७ घन सेंटिमीटरचे नवे इंजिन १७८ अश्वशक्तीचे झाले, तर मोटर १२० अश्वशक्तीवर उतरली आणि एकत्रित शक्ती २१८ झाली. डिसेंबर २०२४ च्या नवव्या पिढीत ती २३० झाली असून बॅटरी लिथियम-आयन प्रकारची आहे.

या आकड्यांतील सर्वांत बोलका आकडा मोटरचा आहे. सातव्या पिढीकडून आठव्या पिढीकडे जाताना विजेचा वाटा वाढण्याऐवजी कमी झाला, तरी गाडी अधिक काटकसरी झाली. याचे श्रेय नव्या इंजिनाला जाते. त्याची उष्णतेचे कामात रूपांतर करण्याची कमाल क्षमता सुमारे ४१ टक्क्यांपर्यंत गेली, जी पेट्रोल इंजिनाच्या दृष्टीने फारच उंच आहे. मोटर आकाराने लहान व अधिक वेगाने फिरणारी झाली. ती इंजिनाच्या रेषेतून काढून समांतर आसावर बसवल्याने दंतचक्रांतील गळती घटली. बॅटरी डिकीतून मागच्या आसनाखाली आली आणि सामानाची जागा मोकळी झाली. लोकांच्या मनात संकरित गाडीची प्रगती म्हणजे बॅटरीची प्रगती असे समीकरण असते. येथे ते लागू पडत नाही.

आता इंधनाचा हिशेब. प्रमाणन चाचणीत (पुण्याच्या संस्थेच्या नावावरून तिला बोलीत 'एआरएआय मायलेज' म्हणण्याचा प्रघात आहे) सातव्या पिढीतील साध्या पेट्रोल कॅम्रीचा आकडा लिटरला १२.९८ किलोमीटर होता. त्याच पिढीतील हायब्रिडचा १९.१६, आठव्या पिढीचा २३.२७ आणि नवव्या पिढीचा २५.४९ आहे. रस्त्यावर हे आकडे कमी भरतात, पण तुलनेसाठी ते पुरेसे आहेत. जाहिरातीत हे आकडे एका पायरीमागून दुसरी पायरी असे चढताना दिसतात. वस्तुतः 'लिटरला किती किलोमीटर' हे माप फसवे आहे, कारण ग्राहकाचा खर्च अंतरावर नव्हे, लिटरवर होतो. वर्षाला १५,००० किलोमीटर प्रवास धरला तर साध्या कॅम्रीला १,१५६ लिटर पेट्रोल लागेल, पहिल्या हायब्रिडला ७८३, दुसऱ्या पिढीच्या हायब्रिडला ६४५ आणि तिसऱ्या पिढीच्या हायब्रिडला ५८८. म्हणजे साध्या गाडीवरून हायब्रिडवर येताना ३७३ लिटर वाचतात, पुढच्या पिढीने १३८ आणि त्यापुढच्या पिढीने सुमारे ५७. प्रत्येक पिढी आधीपेक्षा सरस आहे यात वाद नाही. परंतु खरी झेप पहिलीच होती, नंतरची पावले आखूड होत गेली. अर्थशास्त्रातील घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम शिकविण्यास याहून सोपे उदाहरण क्वचित सापडेल.

किंमत मात्र उलट दिशेने गेली. २०१३ मध्ये दिल्लीतील कारखानाबाह्य किंमत २९.७५ लाख रुपये होती, २०१९ मध्ये ३६.९५ लाख आणि २०२४ मध्ये ४८ लाख. ही वाढ केवळ तंत्रज्ञानाची नाही. तीत महागाई आहे, सुटे भाग बाहेरून येत असल्याने विनिमयदर आहे, सुरक्षेची व ऐषारामाची साधने आहेत, उत्सर्जनाचे कठोर झालेले निकष आहेत आणि कर आहेत. शेवटच्या घटकाचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

उत्पादन-कपात म्हणजे काय

टोयोटाच्या उत्पादनपद्धतीत 'टाक्ट' नावाची संकल्पना केंद्रस्थानी आहे. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ संगीतातील ठेका असा आहे. पाळीतील उपलब्ध वेळ भागिले त्या वेळात हव्या असलेल्या गाड्या, म्हणजे टाक्ट. समजा एका पाळीत २७,६०० सेकंद काम होते आणि २३० गाड्या हव्या आहेत. तर दर १२० सेकंदांनी एक गाडी साखळीवरून उतरली पाहिजे. प्रत्येक कामगाराचे काम तेवढ्याच सेकंदांत बसेल असे वाटून दिलेले असते. आता मागणी २० टक्क्यांनी घटून १८४ गाड्यांवर आली, तर ठेका १५० सेकंदांचा होतो. बाहेरच्या माणसाला वाटते की कामगारांना आता थोडी उसंत मिळेल. तसे होत नाही. कामाची फेरवाटणी होते, प्रत्येकाकडे १५० सेकंदांचे काम दिले जाते आणि पूर्वी १०० माणसे लागत तेथे ८० पुरतात. उरलेली २० माणसे कोण, याचे उत्तर बहुधा ठरलेले असते : ज्यांचा करार हंगामी आहे ती.

या पद्धतीत साठा करून ठेवणे हा दोष मानला जातो. त्यामुळे मागणीतील चढउतार गोदामात जिरत नाही, तो साखळीपर्यंत आणि तेथून सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांपर्यंत पोहोचतो. कपातीची साधने क्रमाने वापरली जातात. आधी जादा काम थांबते, मग ठेका लांबतो, मग एखादी पाळी जाते, मग उत्पादनाशिवायचे दिवस जाहीर होतात.

बिडदीच्या इतिहासात कपातीची कारणे मात्र एकसारखी नाहीत. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये भूकंप व त्सुनामी झाली. तिकडून येणारे भाग अडले आणि एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या प्रारंभापर्यंत बिडदीचे उत्पादन सुमारे ७० टक्क्यांनी कमी करावे लागले. त्या वेळी गिऱ्हाईक दारात उभे होते आणि माल नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये परिस्थिती नेमकी उलटी होती. त्या महिन्यात देशातील प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत ३१ टक्क्यांहून अधिक घटली. बिडदीला काही दिवस उत्पादन बंद राहिले. महिंद्राने जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत ८ ते १४ दिवस उत्पादन न करण्याचे जाहीर केले, टाटा मोटर्सच्या पिंपरी कारखान्यातही बंद दिवस पाळले गेले आणि मारुतीने ७ व ९ सप्टेंबरला गुरुग्राम व मानेसर येथील काम थांबवले. वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने त्या ऑगस्टमध्ये दिलेल्या माहितीनुसार दोन-तीन महिन्यांत सुमारे १५,००० कंत्राटी कामगारांचे काम गेले होते. चाकण आणि पिंपरीच्या कारखान्यांत कोकणातून गेलेल्या तरुणांची संख्या मोठी असते. त्यांच्यासाठी 'उत्पादनाशिवायचा दिवस' या सौम्य शब्दाचा अर्थ गावाकडची एस.टी. असा होतो.

नोव्हेंबर २०२० मधील खंड तिसऱ्या प्रकारचा होता. कामाच्या बोजावरून आणि एका कामगाराच्या निलंबनावरून तंटा उद्भवला, कामगारांनी ठिय्या दिला, कंपनीने टाळेबंदी जाहीर केली आणि ती जानेवारी २०२१ पर्यंत चालली. एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा टंचाई आली. इनोव्हा हायक्रॉस या संकरित गाडीच्या वरच्या श्रेणींना एवढी मागणी आली की भाग पुरेनात आणि त्यांची नोंदणी काही काळ थांबवावी लागली. पुढच्याच महिन्यात बिडदीला तिसरी पाळी सुरू झाली. एकाच कारखान्यात बारा वर्षांत घडलेल्या या चार घटनांपैकी एकीचेही कारण गाडीचे तंत्र सदोष होते असे नाही.

१ जुलै २०१७

कॅम्री हायब्रिडच्या भारतीय इतिहासातील निर्णायक तारीख कोणत्याही पिढीच्या अनावरणाची नाही. ती वस्तू व सेवा कराच्या अंमलबजावणीची आहे.

त्यापूर्वी संकरित मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत होती. सर्व कर धरून त्यांच्यावरील भार सुमारे ३० टक्के पडे. १ एप्रिल २०१५ पासून 'फेम' योजनेखाली कॅम्री हायब्रिडला ७० हजार रुपयांपर्यंतचे प्रोत्साहनही मिळत होते. नव्या करात संकरित मोटारींवर २८ टक्के कर आणि १५ टक्के उपकर, एकूण ४३ टक्के भार आला. मोठ्या पेट्रोल व डिझेल गाड्यांवरही तेवढाच भार ठेवला गेला, पण त्यांच्यावर पूर्वी ५० टक्क्यांच्या आसपास कर होता. परिणाम असा झाला की एकाच कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांच्या किमती एकाच दिवशी विरुद्ध दिशांना गेल्या. डिझेलची फॉर्च्युनर दोन लाखांहून अधिक रुपयांपर्यंत स्वस्त झाली, इनोव्हा क्रिस्टा जवळपास एक लाखापर्यंत उतरली आणि कॅम्री हायब्रिड शहरागणिक साधारण साडेतीन ते सव्वापाच लाखांनी महागली. तिची विक्री त्यानंतर झपाट्याने कोसळली.

वर काढलेला हिशेब येथे उपयोगी पडतो. साध्या कॅम्रीच्या तुलनेत पहिली हायब्रिड वर्षाला ३७३ लिटर पेट्रोल वाचवते. त्या वर्षीचा दर लिटरला ७५ रुपये धरला तर ही बचत सुमारे २८,००० रुपये होते. साडेतीन लाख ही वाढीची खालची मर्यादा घेतली तरी ती भरून निघण्यास बारा वर्षांहून अधिक काळ लागेल. सातव्या पिढीतील गाडीत ३० जूनच्या रात्री आणि १ जुलैच्या सकाळी एका स्क्रूचाही फरक नव्हता. दीड वर्षांनी आठवी पिढी आली तेव्हा तिने आणखी १३८ लिटर वाचवले, म्हणजे वर्षाला दहा-साडेदहा हजार रुपये. अभियंत्यांच्या एका पिढीची ही कमाई कराच्या एका अनुसूचीपुढे फारच तोकडी पडते.

होंडाच्या अनुभवाची येथे जोड देता येईल. जून २००८ मध्ये तिने सिव्हिक हायब्रिड आयात करून साडेएकवीस लाखांना विकायला आणली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस किंमत सुमारे आठ लाखांनी उतरवावी लागली. ऑक्टोबर २०१६ मध्ये ३७ लाखांना आलेली ॲकॉर्ड हायब्रिड नव्या करामुळे ४३ लाखांच्या वर गेली आणि २०२० मध्ये भारतीय बाजारातून निघून गेली. कॅम्री टिकली याचे एक कारण ती बिडदीला जोडली जात होती हे असावे. तथापि संचरूपाने आलेले भाग जोडणे आणि गाडी येथे घडवणे यांत अंतर आहे. अल्प संख्येने विकल्या जाणाऱ्या गाडीसाठी मोटर वा बॅटरी देशात बनविणे कोणालाच परवडत नाही. हे वर्तुळ करामुळे अधिकच घट्ट झाले. महाग म्हणून विक्री कमी, विक्री कमी म्हणून भाग आयात, आणि आयात म्हणून पुन्हा महाग.

सप्टेंबर २०२० मध्ये या प्रश्नाला जाहीर तोंड फुटले. कंपनीचे तत्कालीन उपाध्यक्ष शेखर विश्वनाथन यांनी एका परदेशी वृत्तसंस्थेला सांगितले की करांचा भार पाहता भारतात यापुढे विस्तार करण्याचा विचार नाही. त्यावर लगेच विक्रम किर्लोस्कर यांनी खुलासा केला की विद्युतीकरणासाठी दोन हजार कोटींहून अधिक गुंतवणूक होणारच आहे. घडले ते दुसऱ्या म्हणण्याप्रमाणे. २०२२ मध्ये बिडदीहून हायराइडर आणि पाठोपाठ हायक्रॉस या तुलनेने स्वस्त संकरित गाड्या निघाल्या आणि विद्युत् पारेषणाचे भागही तेथे बनू लागले. हायक्रॉसचे अनावरण २५ नोव्हेंबर २०२२ रोजी झाले आणि चारच दिवसांनी विक्रम किर्लोस्कर यांचे निधन झाले. त्यांच्या पणजोबांचे पहिले लोखंडी नांगर विकले जायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. लोखंडाने जमीन नासते, ही शेतकऱ्यांची समजूत आड आली होती. हायब्रिडच्या आड समजूत आली नाही, कोष्टक आले. ते बदलायला समजुतीपेक्षा सोपे, आणि म्हणूनच अधिक बेभरवशाचे असते.

करसवलतीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही दुर्लक्षण्याजोगे नाही. संकरित गाडी अखेर पेट्रोलवरच चालते. तिला बाहेरून वीज देता येत नाही, म्हणून सूर्याची किंवा वाऱ्याची वीज तिच्या कामी येत नाही. विजेच्या गाडीवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्केच कर आहे, आणि मर्यादित सार्वजनिक पैसा अंतिम ध्येयावर खर्च व्हावा, मधल्या थांब्यावर नव्हे, हा युक्तिवाद सयुक्तिक आहे. २०२४ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी हायब्रिडवरील कर कमी करावा असा आग्रह धरत होते आणि जुलैत उत्तर प्रदेशाने अशा गाड्यांचे नोंदणीशुल्क माफ केले. तेव्हा टाटा व महिंद्रा यांसारख्या, विजेच्या गाड्यांत भांडवल गुंतवलेल्या कंपन्यांनी त्यास विरोध दर्शविला. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा वाद घरातला आहे. महिंद्राच्या नव्या विद्युत् मोटारी चाकणला बनतात. दुसरीकडे ३१ जुलै २०२४ रोजी राज्य शासनाने टोयोटा किर्लोस्करशी छत्रपती संभाजीनगर येथील कारखान्यासाठी सामंजस्य करार केला. त्यात सुमारे २०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक आणि ८,००० प्रत्यक्ष रोजगार अपेक्षित असून विद्युत् व संकरित अशा दोन्ही गाड्यांचा उल्लेख आहे. मालवण तालुक्यातून घाट चढून गेलेले आडनाव अशा रीतीने पुन्हा महाराष्ट्रात कारखानदारीला येत आहे.

या वादात दोन्ही पक्षांकडून एक तपशील बहुधा सुटतो. ११ सप्टेंबर २०१७ रोजी मोठ्या गाड्यांवरील उपकर वाढवला गेला, पण संकरित गाड्यांना त्या वाढीतून वगळण्यात आले. त्यामुळे मोठ्या मोटारीवर ४८ आणि एसयूव्हीवर ५० टक्के भार असताना कॅम्रीवर तो ४३ टक्केच राहिला. म्हणजे पाच ते सात टक्क्यांची का होईना, तुलनात्मक सवलत आठ वर्षे टिकून होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून कराची फेररचना होऊन उपकर गेला आणि मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के दर आला. कॅम्रीवरील कर ४३ वरून ४० वर उतरला, तिची किंमत थोडी कमी झाली आणि बातम्यांत ती स्वस्त झालेल्या गाड्यांच्या यादीत आली. पण त्याच दिवशी डिझेलच्या मोठ्या एसयूव्हीवरील भार ५० वरून ४० वर आला. १०० किलोमीटरला चार लिटरहून कमी पेट्रोल घेणारी नवव्या पिढीची कॅम्री आणि तिच्या दुपटीने इंधन पिणारी मोठी गाडी यांच्यात कराच्या कोष्टकाला आता कोणताच फरक दिसत नाही.